चटका बसलाच नाही

दुखलं नाही म्हणून मी खूश झाले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या खुशीतून झालं. अजूनही रात्री पाठ टेकली की मनात येतं, असं कसं झालं? आपलाच पाय, आपल्याच अंगाला जोडलेला, आणि आपल्याला पत्ता नाही!

दिवाळी उरकली होती. आमच्या सोलापूरची थंडी काही हुडहुडी भरवणारी नसते. ती नुसती हवा कोरडी करते. सकाळी तोंड धुतलं की गाल ओढतात, ओठ चिरतात, हाताच्या पाठीवर नख फिरवलं तर पांढरी रेघ उठते. आणि टाचा तर बघायलाच नकोत. घरात चादर इथलीच, हातमागाची. तिच्यावर पाय ठेवला की टाचेच्या भेगेत धागा अडकायचा आणि सरकन ओढला जायचा. धागा ओढला गेला की मी म्हणायची, चला, बिबा आणायचे दिवस आले.

ज्यांना बिबा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काळं, टणक, बदामाएवढं फळ असतं. आत जहाल तेल. सुईनं टोचायचं, दिव्याच्या ज्योतीवर धरायचं, चर्र करून तेल सुटतं. तो गरम थेंब भेगेत सोडायचा. वरून चिमूटभर राख दाबायची. माझं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांमागं अनवाणी फिरणाऱ्यांचं. तिथं पायाला डॉक्टर म्हणजे बिबाच. काही जणांना तो उततो, अंगभर फोड येतात, सुजतात माणसं. मला कधी उतला नाही, याचा मला केवढा तोरा होता!

माझ्या आईचा एक नियम होता. चटका बसेपर्यंत घालायचा. चटका बसला नाही म्हणजे तेल आत पोचलं नाही. पोचलं की माणूस आपोआप किंचाळतो, मग थांबायचं.

तर त्या दिवशी मी ओट्यावर उन्हात बसले. आमची सून रूपाली एका शाळेच्या ऑफिसात काम करते. ती डबा घेऊन निघाली होती, माझी तयारी बघून थांबली.

"आई, परत ते काळं घालताय? मी ती ट्यूब आणून ठेवली आहे ना टाचांची."

"तुझ्या ट्यूबनं मऊ होतंय गं, भरत न्हाय."

"आणि ह्यानं भाजतं."

"भाजल्याबिगर भरतंय व्हय कुठं? जा तू, उशीर होतोय तुला."

ती गेली. मी पहिला थेंब सोडला. काही नाही. दुसरा सोडला. काही नाही. मला वाटलं, बिबा जुना असेल, तेल थंड पडत असेल. ज्योत मोठी केली. थेंब भेगेत पडताना दिसत होता, वरची कातडी आकसताना दिसत होती, पण चटका काही बसेना. म्हणून आणखी घातला. आईचा नियम पाळत मी उन्हात बसून, मजेत, एकेक भेग भरत गेले. समोरच्या घरातल्या बाईनं विचारलंसुद्धा, "आज ओरडला नाहीत तुम्ही!"

मी म्हणाले, "औंदा बिबा लई गुणाचा मिळालाय."

वास

मग काही दिवसांनी घरात वास यायला लागला.

रूपालीला पहिल्यांदा आला. तिला वाटलं उंदीर मेला. आमचे हे म्हणाले, "ट्रंकंखाली असंल." ह्यांची ओळख करून देते. हे रेल्वेत होते, होटगीला. चावीवाला म्हणतात त्या कामाला. खांद्यावर हातोडा घ्यायचा आणि ठरलेल्या टप्प्यात रुळारुळानं चालत जायचं. कुठं चावी, म्हणजे रूळ धरून ठेवणारी लोखंडी खीळ, ढिली झाली, कुठं रुळाला तडा गेला ते बघायचं. गाड्या बापड्या त्या भरवशावर धावायच्या. निवृत्त होऊनही सवय गेली नाही, घरात काही बिघडलं की हे वाकलेच. त्यांनी ट्रंक ओढली, कपाट सरकवलं, शेंगदाण्याचं पोतं उलटंपालटं केलं. उंदीर काही सापडला नाही. मीही त्यांच्यामागं फिरत होते, मोज्यांवर. थंडीत मी घरात मोजे घालते.

रूपाली एकदम म्हणाली, "आई, थांबा. हलू नका."

फरशीवर माझ्यामागं डाग होते. ओले. मी जिथं जिथं उभी राहिले होते तिथं तिथं.

तिनं मला पलंगावर बसवलं आणि मोजा काढला. मोजा निघेना, चिकटला होता. तिनं पाणी लावून हळूहळू सोडवला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. माझी सून तशी धीराची आहे. तिनं तोंडावर पदर घेतला, मग मान वळवली.

उंदीर नव्हताच. तो माझा पाय होता.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "पण दुखत तर न्हाय की गं!"

आकडाच आला नाही

गल्लीतल्या डॉक्टरांनी टाच बघितली आणि आधी बोट टोचलं. मला राग आला. दुखणं पायाला आणि टोचतात बोटाला. रक्ताचा थेंब त्या छोट्या मशीनला लावला. डॉक्टर मशीनकडं बघत राहिले. मग दुसरं बोट टोचलं.

आमच्या ह्यांनी विचारलं, "किती हाय?"

"आकडा आलाच नाही काका," डॉक्टर म्हणाले. "मशीन जेवढं मोजतं त्याच्या वर आहे. म्हणून नुसती अक्षरं येतात."

मला शुगर! मी सांगते तुम्हाला, माझ्या कानात काहीतरी घुमायला लागलं. आमच्यात शुगर म्हणजे जाड माणसांना, गोड खाणाऱ्यांना, बसून असणाऱ्यांना. मी काडीसारखी. चहात साखर अर्धा चमचा. पहाटे उठून भाकऱ्या बडवणारी. तहान लागायची म्हणाल तर सोलापुरात तहान कुणाला लागत नाही? लघवीला उठायला लागायचं, ते वयाचं म्हटलं. वजन उतरलं तेव्हा बायका म्हणाल्या, बरं झालं, हलक्या झालात. मीही बरं झालं म्हणाले होते.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, घरी जाऊ नका, इथूनच मोठ्या दवाखान्यात जा. अंगावरच्या साडीनिशी गेले. गॅसवर डाळ तशीच राहिली होती, ती पुढं रूपालीनं टाकली.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या नातीएवढ्या दिसायच्या, पण आवाज असा की आपण गुमान ऐकावं. त्यांच्या हातात एक बारीक नायलॉनचा धागा होता, काडीला लावलेला.

"आजी, डोळे मिटा. मी ह्यानं तळपायाला टोचेन. लागलं की 'हो' म्हणायचं. कळलं?"

मी डोळे मिटले. थांबले. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ओढत होतं, त्याचं चाक करकरत होतं. मी थांबून थांबून कंटाळले. शेवटी म्हणाले, "बाई, सुरू कधी करणार?"

मी डोळे उघडले. आमचे हे भिंतीकडं बघत होते. मुलगा सुनील कामावरून धावत आला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं आजी. दोन्ही पायांचं झालं."

बायांनो, माझ्या आयुष्यात मी खूप काही ऐकलं. पण "झालं" ह्या शब्दाएवढं वाईट काही ऐकलं नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं, आत वर्षानुवर्षं शुगर असणार, तिनं पायाच्या नसा मारल्या. बिब्यानं टाच हाडाच्या जवळपर्यंत भाजली आणि मला कळलं नाही. भाजलेल्या जागेत पू झाला, मी त्यावर चालत राहिले.

"दुखलं असतं तर वाचला असतात तुम्ही," त्या म्हणाल्या.

मग मोठे सर्जन आले. त्यांनी पाय बघितला, रंग बघितला, घोट्याजवळ नाडी चाचपली. म्हणाले, "आधी साफ करू. आत किती पसरलंय ते बघू. पसरलं असेल तर..." आणि पुढं न बोलता त्यांनी हाताची कड माझ्या नडगीवर, गुडघ्याच्या जरा खाली ठेवली.

त्यांचा हात गार होता. तो मात्र मला कळला. तिथपर्यंत माझं अंग जिवंत होतं.

वॉर्ड

साफ करणं म्हणजे काय ते मी तुम्हाला फार सांगणार नाही. मेलेलं मांस कापून काढतात. एवढंच सांगते की पुढच्या ड्रेसिंगच्या वेळी डॉक्टर कात्रीनं कड कापत होते आणि मी नर्सबाईंशी त्यांच्या मुलीच्या ॲडमिशनबद्दल बोलत होते. मधेच माझं लक्ष ट्रेकडं गेलं. त्यात माझा तुकडा होता. नखाएवढा. मी गप्प झाले. नर्सबाईंना वाटलं दुखलं. म्हणाल्या, "झालंच हां आजी." त्यांना कसं सांगू, की दुखत नाही याचीच मला भीती वाटतेय?

दवाखान्याचा दिवस पहाटेच सुरू होतो. झाडू, मग फिनेल, मग बोट टोचणारी ताई, मग इन्सुलिन, मग बिनसाखरेचा चहा. तो चहा म्हणजे ओल्या वहाणेचं पाणी. मग राउंड. राउंड आला की सगळ्या बायका केस सारखे करून बसायच्या, जणू बघायला पाहुणे आलेत. माझा पाय उशीवर, टाच अधांतरी. टाच कशालाही टेकवायची नाही, हा हुकूम. संडासलासुद्धा चाकाच्या खुर्चीतून.

शेजारच्या खाटेवर पद्मम्मा होती. तेलुगू घरची, नवरा जन्मभर मागावर, आता टॉवेलच्या कारखान्यात रखवालदार. तिचा डावा पाय गुडघ्याखाली काढलेला. पहिल्या दिवशी मी तिकडं बघायचंच टाळलं. तिनंच हाक मारली.

"ओ अक्का, बघ की इकडं. पाय गेला माझा, तोंड न्हाय गेलं."

मी कसंनुसं हसले.

"तुला ठाऊक हाय का, जो पाय न्हाय ना, तो खाजवतोय मला. आत्ता, ह्या घडीला. अंगठ्यापाशी. सांग, कुठं खाजवू?"

"काय झालं होतं गं तुला?"

"चप्पल नवी होती. लागली. मी म्हणलं, लागू दे, मऊ होईल." तिनं सपाट चादर थोपटली. "चप्पल झाली मऊ."

अशी ती. सगळ्या वॉर्डाला हसवायची आणि ड्रेसिंगची गाडी आली की पांघरूण डोक्यावरून घ्यायची. तिच्या सुनेनं आणलेली शेंगाची चटणी ती मला चिमूटभर द्यायची, त्या अळणी वरणभाताला तेवढाच जीव. माझ्या ड्रेसिंगच्या वेळी ती कुशीवर वळून माझी टाच बघायची आणि मला बातमी द्यायची. "आज लाल हाय अक्का. लाल चांगला." "आज कडेला जरा पांढरं हाय. सांग त्यांना." मला माझी टाच दिसत नव्हती, कळत नव्हती. पद्मम्मा सांगेल तेवढाच माझा पाय.

घरचे लोक एकमेकांवर चिडायला लागले होते, हेही लिहिते. आजारपणात हे होतं, लोक सांगत नाहीत. सुनील बापावर ओरडला. "घरात असता ना दिवसभर! तुम्हाला दिसलं नाही?" आयुष्यभर रुळावरचा केसाएवढा तडा धरणारा माणूस, त्याला घरातली चूल आणि पलंग ह्यांच्यामधे चालणारा पाय दिसला नाही, हे त्यांना किती लागलं असेल, ते मी त्यांच्या तोंडावर बघितलं. मग रूपाली सुनीलवर चिडली. मग माझ्यावर. माझे केस विंचरता विंचरता म्हणाली, "सांगितलं होतं तुम्हाला. ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?" आणि विंचरतच राहिली, आणि तिच्या डोळ्यांतले थेंब माझ्या मानेवर पडत होते. मानेवरचे कळले मला.

तिची आई, आमच्या विहीणबाई, अक्कलकोटहून बघायला आल्या. घरात कानडी बोलतात, मराठीतही ती मधेमधे उतरते. कडक भाकरी, दही, सगळं बांधून आणलेलं. माझा पाय बघितला आणि त्यांनी खाटेची दांडी धरली.

"अय्यो! यव्वा, हे काय झालं गं!"

मी सांगितलं सगळं. बिबा, वास, धागा. त्या ऐकत होत्या आणि आपले पाय खुर्चीखाली ओढून घेत होत्या.

"शुगर मलाबी हाय की," त्या म्हणाल्या. "पण माझी साधी हाय. गोळीवरची."

पद्मम्मा पलीकडून म्हणाली, "माझीबी साधीच होती."

विहीणबाईंनी तिच्याकडं बघितलं, चादर जिथं सपाट होती तिथं बघितलं, आणि मग पंढरीच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठल्या. त्यांना पंढरपूरला जायचं नव्हतंच, जायचं होतं अक्कलकोटला. घाबरल्या होत्या बिचाऱ्या.

पाय कुणी बघायचा

सर्जनसाहेबांच्या हाताची कड पुन्हा माझ्या नडगीवर आली नाही. एक दिवस राउंडला ते म्हणाले, "आजी, पाय राहील असं वाटतंय. पण टाच भरायला महिने जातील. आणि आता तुमच्या पायाला राखण लागणार." मी हात जोडले. ते पुढच्या खाटेकडं गेले. पद्मम्मानं मला डोळा मारला आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. आनंद झाला, पण तो मला तिच्यासमोर नीट करता आला नाही.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी पाठ करून घेतलं, शाळेत पाढे घेतात तसं. ते इथं देते, कुणाच्या तरी कामी येईल.

थंडीत टाचेला साधं खोबरेल किंवा व्हॅसलिन लावायचं, रोज, आंघोळ झाल्याबरोबर. बोटांच्या बेचक्यात मात्र तेल लावायचं नाही, तिथं कोरडं पुसायचं, विशेषतः पावसाळ्यात, कारण ओल राहिली की तिथं चिखल्या होतात आणि त्यातून आत शिरतं. बिबा नाही, ब्लेड नाही, कुरूपाची पट्टी नाही. शेकायची पिशवी नाही. पाणी गरम आहे की कोमट, हे आपल्या पायानं ठरवायचं नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातानं ठरवायचं. उन्हाळ्यात तर जपायचंच. आमच्याकडं दुपारी देवळाची फरशी तव्यासारखी तापते, सगळे टुणटुण उड्या मारत सावलीत पळतात. माझ्यासारखीला काही वाटत नाही, ती आपली निवांत प्रदक्षिणा घालते आणि घरी येऊन बघते तर तळवे सोललेले. अशी एक बाई मी ओपीडीत बघितली. म्हणून देवळातही मोजे. देव रागावत नाही, मी विचारलंय.

आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे रोज तळपाय बघायचा.

आता हे बोलायला सोपं. दवाखान्यात पडून पडून माझे गुडघे आखडले, आता वाकत नाहीत, आणि डोळ्यांतला मोतीबिंदू वाढलेला. सुनीलनं आरसा आणून दिला, जमिनीवर ठेवून वर पाय धरायचा म्हणे. त्यात मला नुसता अंधार दिसायचा. सुनील दुकानावर जातो, रूपाली सकाळी निघते आणि येते तेव्हा दमून पार बावलेली. दोन दिवस तिनं बघितलं, तिसऱ्या दिवशी विसरली. मी आठवण केली नाही. तिला किती कामं सांगायची?

संध्याकाळी मी पलंगावर बसले होते. हे आले, चष्मा लावला, खाली फरशीवर बसले आणि म्हणाले, "आण पाय."

मी पाय साडीत ओढून घेतले. "काय तरीच काय? तुमी माझ्या पायाला हात लावणार? पाप लागंल मला."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? जन्मभर मी तुमच्या पाया पडले. सणाला, वाढदिवसाला. आता उलटं? लोक काय म्हणतील?"

"लोक तुझा पाय बघायला येणार हायत का रोज? आण म्हणतो ना."

"न्हाय. सुनील आला की बघंल."

हे फरशीकडं बघत म्हणाले, "मी रोज लाइनीवर चालायचो. एक दिवस बघितलं न्हाय तर काय झालं असतं, ते ठाऊक होतं मला. आन् घरात..." हातानं नुसती खूण केली, आण.

मी पाय दिला. काय सांगू तुम्हाला! चार नातवंडांची आजी मी, आणि लाजेनं माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी पाय मांडीवर घेतला. त्यांचा हात लागलेला मला कळला नाही, दिसला फक्त. ते टाचेच्या कडेनं बोट फिरवत गेले, मग चवडा, मग एकेक बेचकं उघडून. त्यांचं तोंड अगदी कामावर असल्यासारखं.

"काय हाय?" मी विचारलं.

"लाइन क्लिअर."

तेव्हापासून रोज संध्याकाळी, दिवा लावला की, हे खाली बसतात.

एकदा लाइन क्लिअर नव्हती. टाच भरून मी चालायला लागले त्यानंतरची, पावसाळ्यातली गोष्ट. पाय मांडीवर घेतला आणि ह्यांचा हात थांबला. "हलू नगंस," म्हणाले. उठून चिमटा आणला. चवड्यातून काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली बांगडीची काच, हिरवी, नखाएवढी. चपलेत पडली असणार. मी तिच्यावर सकाळपासून स्वयंपाक केला होता, धुणं वाळत घातलं होतं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन भाजी आणली होती. पद्मम्माची चप्पल डोळ्यांपुढं आली. हे मात्र शांतपणे जखम धूत होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवली, तिथं म्हणाले, वेळेवर आलात. तेव्हापासून घरातल्या चपलासुद्धा आपटून, आत हात घालून बघितल्याशिवाय मी घालत नाही.

विहीणबाई

टाच भरली. उन्हाळा संपता संपता भरली. वरची कातडी अजून पातळ आहे, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, पण बंद आहे. मऊ तळाची चप्पल दिली आहे, दिसायला अगदी कशीतरी, पण मी ती लग्नातही घालून जाते. पद्मम्मा नकली पाय लावून एकदा ओपीडीत भेटली. "अक्का, ह्या पायाला चप्पल लागत न्हाय," म्हणाली, आणि हसली, आणि मग माझा हात धरून बराच वेळ बसली.

आता पुन्हा हवा बदलली आहे. गेल्या आठवड्यात विहीणबाई मुक्कामाला आल्या. संध्याकाळी आम्ही दोघी बोलत बसलो होतो. मी दिवा लावला. हे नेहमीसारखे चष्मा घेऊन आले आणि फरशीवर बसले. मी पटकन पाय ओढला. रोजचं झालं होतं, पण व्याहीघरच्या माणसासमोर?

विहीणबाईंचा हात तोंडावर गेला. "अय्यो! व्याहीबुवा, हे काय करताय तुम्ही?"

"थांबा विहीणबाई," हे वर न बघता म्हणाले. "एवढा पाय होऊ द्या, मग बोलू."

"अहो, पण बायकोचा पाय..."

"पाय हाय, तो आपला असला काय आन् बायकोचा असला काय. चालायला लागतोच की." त्यांनी माझा दुसरा पाय घेतला. "चष्मा लावलाच हाय, तर तुमचाबी आणा हिकडं. बघून देतो."

विहीणबाई एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की रूपाली स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय झालं गं अव्वा?" विहीणबाईंनी पदरानं डोळे पुसले. व्याह्यानं थट्टा केली, परत करायची म्हणून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आपल्या टाचांकडं बघितलं. हे उठून बाहेर गेले. रूपाली आत गेली. दोघीच राहिलो.

त्या आपल्या पदराच्या काठाशी चाळा करत होत्या.

मग म्हणाल्या, "माझ्या टाचंत कापूस घातल्यासारखं वाटतंय गं. चालताना. पावसाळ्यापास्नं." आवाज अगदी बारीक. "रूपालीला बोलू नगंस."

"भेगा हायत का?"

"हायत की. दर साली असतात." मग पाय खुर्चीखाली ओढून घेत, "दुखत न्हायत औंदा."

मी खाली फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले, वाकत नाहीत म्हणतात ते गुडघे, तरी बसले. मांडीवर थाप मारली.

त्यांनी पाय खुर्चीखालून हळूच पुढं केला.

मी ह्यांना हाक मारून चष्मा मागितला, आणि रूपालीलाही बाहेर बोलावलं.